तिच्या नावाचा खडा

रविवार, २८ ऑगस्ट २०११

ही डायरी क्लासवाल्यांनी फुकट वाटलेली. पुट्ठ्यावर यंदा मेडिकलला लागलेल्या बारा पोरांचे फोटो आणि खाली मार्क. तिसऱ्या ओळीत आमची तनुजा, कपाळाला आठ्या. फोटोवाला हस म्हणाला म्हणूनच ती हसली नसणार. आत सगळी पानं कोरी आहेत. मेसचा हिशोब मी दुसऱ्या वहीत लिहिते, तेव्हा ही मनातलं लिहायला घेतली.

तनुजा नांदेडहून दोन दिवस आली होती. हॉस्टेलच्या वरणाला नावं ठेवत चार पोळ्या खाल्ल्या आणि पाचवी मोडता मोडता म्हणाली, "आई, आईच्या मोरणीतला खडा हाय ना, त्याची मला अंगठी करून दे. लांब ऱ्हायले, जवळ काहीतरी पायजे."

पहिली आई म्हणजे मी. दुसरी केवळा. तनुजाला मी जन्म दिलेला नाही, आणि हे तिच्यापासून कधी लपवलेलंही नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात केवळा गेली. आठ महिन्यांची तनुजा वाचली, कारण तुळई पाळण्याच्या दोन्ही बाजूंच्या ढिगावर आडवी अडकली. पुढच्या वैशाखात मला उमरीहून आणून यांना दिली. त्या साली अशी लग्नं रोज लागत होती, कोणी वाजंत्री लावत नव्हतं.

केवळाचा फोटो नाही. कपडा नाही, भांडं नाही. एवढी चुरगळलेली मोरणी आहे, मधे पांढरा खडा. जाळायच्या आधी यांनी ती स्वतःच्या हाताने तिच्या नाकातून काढली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हे मला एवढं बोलले आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

"देते करून," मी म्हणाले. ती गेल्यावर भांडी आपटली, ते का, मलाच कळलं नाही. म्हणजे कळलं. काहीतरी जवळ पाहिजे होतं तर माझं का नाही मागितलं.

शनिवार, ३ सप्टेंबर

ईद झाली, गणपती बसले, तेव्हा कुठे आज सराफ्यात जायला वेळ मिळाला. मोहियोद्दीनचाचांचं दुकान म्हणजे गल्लीतली एक खोली. पाट, दिवा, फुंकणी आणि मागे पडद्याआड हसीनाचाचींचा चहा. लातुरात हाताने खडे जडवणारे आता तीन-चारच उरलेत.

मी म्हणाले, साधा खडा आहे, पोरीसाठी अंगठीत बसवून द्या. चाचा म्हणाले, "बसवतो. पण आधी बघू दे काय हाय ते. काच असली तर आंचेला तडकती. मग मला बोलू नका."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. खड्यावर तोंडाची वाफ सोडली. पुन्हा सोडली. मग चाचींना हाक मारून दुसरा दिवा मागवला. मला वाटलं, काच निघाली म्हणून कसं सांगावं या विचारात पडलेत.

"बाई, ह्ये काच न्हाई. वाफ ठरूनच न्हाई ऱ्हायली त्याच्यावर. असली हिरा हाय. पुरानी कटाई. वरून धुरकट झालाय, पण हिराच." आणि विचारलं, "कोन्या वतनदाराच्या घरचा हाय का?"

मी म्हणाले, सासरचा. केवळाच्या माहेरी कोरडवाहू चार एकर आणि खाणारी नऊ तोंडं होती, हे काय सांगत बसू. कुठून तरी आला असेल, आजीकडून, पणजीकडून.

रस्त्याने येताना मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझ्या पोरीची अंगठी खऱ्या हिऱ्याची होणार. उलट सारखं मनात येत होतं, बघ, हीसुद्धा तिचीच वस्तू खरी निघाली. माझ्या कानात काय आहे, तर पॉलिशच्या रिंगा.

हे मी कोणाला सांगत नाही, इथे लिहिते. मला ती दिसते. पाठमोरी, स्वयंपाकघराच्या दारात, कमरेवर हात ठेवून. तोंड दिसत नाही, कारण तोंड मला माहीतच नाही. माझ्या गळ्यात तिच्या नावाची सोन्याची पुतळी आहे. दुसरेपणाच्या बायकोने घालायचीच असते. नवी साडी आली की आधी पुतळीला टेकवायची, घे बाई म्हणायचं, मग आपण नेसायची. सतरा वर्षं माझ्या प्रत्येक साडीची घडी तिनेच मोडली. एका दिवाळीला मी विसरले आणि पाडव्याला तनुजाला एकशे चार ताप आला. त्यानंतर विसरले नाही.

मंगळवार, ६ सप्टेंबर

अंगठी कशी करायची, यावर आज चाचांशी अर्धा तास डोकं लावलं. एक पद्धत मेणाचा साचा पाठवून ओतून आणायची, गुळगुळीत, चार दिवसांत तयार. दुसरी हातघडाईची, पंधरा दिवस, पण मोडली तर दुरुस्त होते. मी हाताची म्हणाले.

मग जडाई. खुली केली तर चार पंजे, खालून बूड उघडं. उजेड आरपार जातो आणि खडा बोटाला लागतो. बंद केली तर खाली सोन्याचा पत्रा, खडा अंगाला लागत नाही.

"हिरा हाय, खुलीच करा," चाचा म्हणाले. "बंद केला तर मरून जातो."

"बंदच करा," मी म्हणाले.

चाचांनी भिंग खाली ठेवलं. "भ्या वाटून राहिलं का बाई?"

मेलेल्या बाईच्या नाकातला खडा रात्रंदिवस माझ्या पोरीच्या कातडीला लागलेला मला नको होता.

सोनं कमी पडत होतं. मला एकाएकी काय सुचलं कोण जाणे, गळ्यातली पुतळी काढून पाटावर ठेवली. तिचीच आहे, तिच्याच पोरीच्या अंगठीत जाऊ दे. चाचांनी ती बोटानेसुद्धा शिवली नाही. "ही सवतीची हाय. हे असलं सोनं मी मालकाशिवाय आटवत न्हाई. त्यांना घेऊन या, समोर बसवा. त्यांच्या डोळ्यांदेखत आटवतो."

घरी येऊन यांना सांगितलं. हे लसूण सोलत होते. "मी कशाला पायजे तिथं?" म्हणाले. त्यानंतर दिवसभर बोलले नाहीत. तसे एरवीही फार बोलतात असं नाही.

गुरुवार, ८ सप्टेंबर

आज यांना ओढूनच नेलं म्हणायचं. हे दुकानाच्या उंबऱ्यावर बसले, आत आले नाहीत. चाचा म्हणाले, पुतळीचं नंतर बघू. आधी मोरणीतून खडा मोकळा करू. चिमट्याने जुनं सोनं सोलायला लागले आणि मधेच थांबले.

"बाई, तुम्ही म्हणलात ह्ये दगडाखाली दबलंय."

"हो. घर पडलं तेव्हा."

"दबलेलं सोनं चपटं होतं. ह्ये चपटं न्हाई, ह्ये पाघळलंय. बघा, इथं थेंब झालाय." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मला थेंब दिसला. "आन् हिऱ्यावर ह्यो धूर हाय ना, ह्यो धुऊन जात न्हाई. ह्यो आगीत गेलेला हाय. मोठ्या आगीत, बराच वेळ. सुरतेला पाठवून पॉलिश मारलं तर निघंल, जरा वजन जाईल."

मी मागे वळून बघितलं तर उंबऱ्यावर कोणी नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी हे चाललेले दिसले, एक चप्पल दारातच राहिली होती.

ती चप्पल आणि सुटलेला खडा पिशवीत घालून मी घरी आले.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

दुपारची पोरं जेवून गेली, मावश्या भांड्याला बसल्या. मी यांच्यासमोर पाट घेतला आणि म्हणाले, तुम्ही मोरणी तिच्या नाकातून काढली नाही.

हे जे बोलले ते जसं आठवतं तसं लिहिते. लिहून ठेवलं नाही तर उद्या मलाच खोटं वाटेल.

"मी तिला बघितलंच न्हाई," हे म्हणाले. "विसर्जनाला गेलतो, तिथंच पाराजवळ बसलो गप्पा मारत, म्हणून वाचलो. तनु सापडली दिवस उगवल्यावर. केवळी न्हाई. दुसऱ्या दिवशी जवानांनी बायकांची एक ओळ लावली, चादरी घालून. मला म्हणले, वळखा. मी पहिल्या चादरीपाशी गेलो आन् माझे पाय पुढं जाईनात. तिथूनच म्हणलो, ह्यात न्हाई. त्यांनी सगळ्या एकत्र जाळल्या. पाऊस लागला होता, रॉकेल टाकून टाकून जाळल्या."

"मग मोरणी?"

"तिसऱ्या दिवशी राखंत गेलतो. लई लोकं हुती. कोनी काय, कोनी काय उचलून राहिलं होतं. मला ती घावली."

"आणि ती केवळाचीच, हे कशावरून?"

यांनी सोलायला घेतलेला लसूण खाली ठेवला. "केवळीचा खडा लाल होता. येरमाळ्याच्या जत्रेत मीच घेऊन दिलता, पितळंचा. म्हणलं, आगीत रंग उडाला आसंल."

अठरा वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची मला दया आली आणि समोर बसलेल्या माणसाचा राग आला. दोघे एकच आहेत, पण मला तसं वाटलं खरं. रंग उडून काचेचा हिरा होत नाही आणि पितळेचं सोनं होत नाही. एवढं यांना कळत नव्हतं का? कळत असणार. पण रिकाम्या हाताने घरी कसं यायचं, पोरीला काय दाखवायचं.

सोमवार, १२ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. सतरा वर्षं या रात्री हे उशाशी स्टीलचे तीन पेले एकावर एक उपडे ठेवतात. जमीन हलली तर पडतील, जाग येईल. पहाटे पेले पडले. दोघंही उठून अंगणात आलो. काही नव्हतं, उंदीर असेल. शेजारच्या क्लासच्या पोरांचा अभ्यास चालू होता, त्यांना पत्तासुद्धा नाही.

यांनी पुन्हा पेले रचले. मी अंगणातच बसून राहिले. आत दारात ती पाठमोरी असेल असं वाटलं आणि पहिल्यांदाच मनात आलं, पण ही कोण? केवळा की ती दुसरी, जिचा हिरा आहे? सतरा वर्षं मी कोणाला घे बाई म्हणत होते? तो हिरा कपाटात माझ्या साड्यांखाली होता. ती बाई माझ्या घरात सतरा वर्षं बिननावाची राहिली. तिच्या घरचे तिचं काहीतरी शोधत राखेत आले असतील आणि रिकाम्या हाताने गेले असतील, कारण ते आधीच आमच्या घरी आलं होतं.

आणि केवळाचं काहीच नाही. ती कुठे म्हणून उरली नाही.

शुक्रवार, १६ सप्टेंबर

पक्ष लागलाय, सराफा ओस. चाचांचा निरोप आला, या दिवसांत कामच नाही, सांगत असाल तर तुमची अंगठी घेतो हातात. थांबा म्हणून सांगितलं.

तनुजाला सांगायचं की नाही? हे म्हणतात, नको. "खडा हाय, तिला बरं वाटून राहिलं, घालू दे." त्यांचं चुकतं असं छातीठोक म्हणता येत नाही. पोरगी आई म्हणून तो बोटात घालेल, परीक्षेला जाताना कपाळाला लावेल. त्यात कोणाचं काय जातं?

आता खरं लिहिते. सांगितलं तर केवळा पुरी जाईल. खडा नाही, फोटो नाही, काही नाही. मग आई म्हणून मी एकटी उरेन. हा विचार आज कणीक मळताना आला आणि मी त्याला हाकलला नाही. उलट दोन मिनिटं बरं वाटलं. त्यानंतर इतकी भीती वाटली की हात धुवून देवापुढे जाऊन बसले. म्हणजे मी सांगितलं तरी पापच, आणि नाही सांगितलं तर त्या दुसऱ्या बाईच्या घरच्यांचं चोरल्यासारखं.

उद्या मुक्तिसंग्राम दिन, मेसला सुट्टी. नांदेडची गाडी सकाळी सातची आहे.

रविवार, १८ सप्टेंबर

सांगितलं.

काल नांदेडात वजिराबादमध्ये एका मोठ्या दुकानात आधी खडा दाखवला. मनात होतं, चाचांचं वय झालंय, भिंगात चूक होऊ शकते. तिथल्या पोरीने पेनासारखं यंत्र टेकवलं, ते टी-टी वाजलं. "काँग्रॅच्युलेशन्स मॅडम, नॅचरल डायमंड," ती म्हणाली. तिला काय माहीत, मी काच निघावी म्हणून नवस बोलले असते.

हॉस्टेलच्या बाहेर लिंबाच्या पारावर आम्ही बसलो. तनुजाच्या ओढणीला कसला तरी उग्र वास होता, डोळे चुरचुरले. औषधाचा आहे म्हणाली. मी सगळं सांगितलं. चादरीपाशी तिच्या बापाचे पाय अडले, तेही. लाल खड्याचंही. तिने हिरा हातात घेतला होता तो ओंजळीतच ठेवला, मूठ मिटली नाही.

"म्हणजे आईचं काहीच न्हाई."

"न्हाई बाळा."

"हे तू मला सांगायला एवढ्या लांब आलीस."

"फोनवर सांगण्यासारखं नव्हतं."

"तुला हेच पायजे होतं," ती म्हणाली. ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली. "तुला ती कधी नकोच होती. साडी लावताना तुझं तोंड कसं होतं ते मी लहानपणापासून बघत आले."

हिरा माझ्या मांडीवर ठेवून ती आत गेली. मी पाऊण तास बसले. बाहेर आली नाही. मग नायगावमार्गे एक गाडी होती, तीच धरली. नायगावला चहाला थांबली तेव्हा मी खिडकीशी बसून उतरणाऱ्या बायकांची नाकं बघत होते. कोणाची चमकी, कोणाचं नुसतं भोक. तनुजा खोटं बोलली असती तर मी रडले असते. खरं बोलली म्हणून रडूही आलं नाही.

मंगळवार, २० सप्टेंबर

दोन दिवस तिचा फोन नाही. माझा उचलला नाही. वरण खाली लागलं, पोरं काही बोलली नाहीत, मुकाट्याने खाल्लं. लातूरच्या पोरांना परीक्षा सोडून कशाचीच चव कळत नाही म्हणा.

उद्या अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. दरवर्षी मी केवळासाठी घालते. यंदा सामान आणलं आणि पिशवी तशीच ओट्यावर ठेवून दिली.

दुपारी साडेचारला तनुजाचा फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू येत होता.

"आई, आमच्या टेबलावर एक बाई हाय."

"कसली बाई?"

"शरीर शिकायला देतात ती. बेवारस. नाव न्हाई, पायाला नंबर बांधलाय. महिना झाला मी तिचा हातच शिकून राहिले, तोंडाकडं कधी बघितलं न्हाई. बाकीच्या पोरी बघतात. माझे पाय तिथपर्यंत जायचेच न्हाईत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"आज गेले. बघितलं. पन्नाशीची आसंल. डाव्या नाकाला भोक हाय. चमकी कोनी काढली काय माहीत." मग म्हणाली, "पप्पाला सांग, माझे पाय पण आडले होते. सांगशील ना?"

"सांगते."

"आन् अंगठी कर. हातात चालत न्हाई इथं, गळ्यात घालीन. खुली करायला सांग. पॉलिश मारू नको, तो धूर ऱ्हाऊ दे. माझ्या आईची म्हणून न्हाई. ज्या बाईची आसंल तिची म्हणून."

मी बरं म्हणाले. तिने विचारलं, उद्याला सवाष्णी किती सांगितल्यास. मी म्हणाले, अजून एकही नाही. "दोन सांग," ती म्हणाली.

मग मी ते बोलले जे तीन दिवस मनात घोळत होतं. म्हणाले, तू जे म्हणालीस ते सगळंच खोटं नव्हतं, मला ती जड जात होती. तुला सांगायला पाहिजे होतं की नाही हे मला आजही समजत नाही.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "न्हाई तर मी जल्मभर दुसऱ्याच बाईला आई म्हणत राहिले असते."

बोलून गेली आणि थांबली. मीही थांबले. तिच्या मागे हॉस्टेलच्या पोरी कशावरून तरी हसत होत्या.

"म्हणतीसच की," मी म्हणाले.

"हाव," ती म्हणाली. "म्हणतेच."

मग तिला प्रॅक्टिकलला उशीर होत होता, तिने फोन ठेवला. मी ओट्यावरची पिशवी सोडली आणि दोघींच्या अंदाजाने डाळ भिजत घातली.